मामाच्या गिटारीचं वय

गेल्या डिसेंबरात धाकट्या मामाची गिटार माझ्याकडे आली. मामा जाऊन तेव्हा दीड वर्ष झालं होतं. मामीने घर आवरायला काढलं आणि फोनवर म्हणाली, "तू नेतोस का ही? नाहीतर मी भंगारवाल्याला देऊन टाकते." भंगारवाल्याचं नाव ऐकल्यावर मी त्याच रविवारी कल्याणला गेलो. माळ्यावर दोन गाद्यांच्या मध्ये, सोलापुरी चादरीत गुंडाळलेली काळी इलेक्ट्रिक गिटार. सहापैकी चार तारा शिल्लक, त्याही गंजलेल्या. चार नॉबपैकी एक गायब, आणि त्याच्या जागी टूथपेस्टचं झाकण घट्ट बसवलेलं. आमच्या मामाला ओळखणाऱ्यांना त्या झाकणाचं नवल वाटणार नाही.

इथे नेहमी येणाऱ्यांना ठाऊक आहे की मला जुन्या वस्तूंचा नाद आहे आणि संगीतातलं फारसं कळत नाही. कॉलेजात तीन कॉर्ड शिकलो होतो, त्यातल्या दोन विसरलो. तेव्हा गिटार आणली ती वाजवायला नव्हे. ती कुठली आणि कधीची, हे मला शोधायचं होतं. त्याला एक घरगुती कारण आहे. ते इथे लिहावं की नको यात दोन महिने गेले. शेवटी आईलाच विचारलं. ती म्हणाली, "लिही. आता कोणाचं काय जातंय?" म्हणून लिहितोय.

तर कारण असं. १९७४ च्या मे महिन्यात रेल्वेचा मोठा देशव्यापी संप झाला. ८ मेला सुरू झाला आणि २७ मेला मागे घेतला गेला. जॉर्ज फर्नांडिस त्याचे नेते होते. आजोबा रेल्वेत कारकून आणि संपात सामील. पगार बंद, घरात खाणारी सात तोंडं. त्याच उन्हाळ्यात कधीतरी आजीच्या सोन्याच्या पाटल्या कपाटातून गेल्या. कोणी नेल्या, कुठे गेल्या, ते कधीच कळलं नाही. मामा तेव्हा एकोणीस वर्षांचा. कॉलेज अर्धवट सोडून ऑर्केस्ट्रात गिटार वाजवायच्या मागे लागलेला. आणि त्याच्याकडे एक काळी 'फॉरेनची' गिटार होती. तिला पैसे कुठून आले? दोन आणि दोन चार करायला घरातल्यांना वेळ लागला नाही.

तोंडावर त्याला चोर कोणी म्हटलं नाही, असं सगळे सांगतात. पण आजीने आपल्या हयातीत ती गिटार घरात वाजू दिली नाही. लग्नाकार्यात दागिन्यांचा विषय निघाला की कोणाची तरी नजर मामाकडे जायचीच. मी हे लहानपणी पाहिलेलं आहे. त्यावर मामा एवढंच सांगायचा, "अठ्ठ्याहत्तर-एकोणऐंशीच्या सुमारास बोटीवरच्या एका माणसाकडून घेतली, हप्त्याने." पावती नव्हती. बोटीवरून खाली उतरणाऱ्या मालाची पावती कोण देणार? पुढे पुढे त्याने सांगणंही सोडून दिलं.

म्हणजे प्रश्न साधा होता. गिटार १९७४ ची की त्यानंतरची? माणसं गेली, कागद नाहीत. गिटार मात्र समोर होती. म्हटलं, तिलाच विचारू.

घोड्याचं वय दातांवरून काढतात, तसं गिटारीचं वय नंबरावरून काढतात असा माझा समज होता. तो अर्धाच खरा निघाला. अमेरिकेतल्या फेंडर कंपनीचंच बघा. लिओ फेंडरने कॅलिफोर्नियात फुलर्टन इथे १९४६ साली ती काढली. जुन्या फेंडर गिटारींचा नंबर मानेच्या मागच्या धातूच्या पट्टीवर ठोकलेला असतो. पण या पट्ट्या डब्यात भरून ठेवलेल्या असत. कामगाराच्या हाताला जी लागेल ती तो बसवायचा. पिंक फ्लॉइडच्या डेव्हिड गिल्मरकडे ०००१ नंबरची स्ट्रॅटोकास्टर होती. २०१९ साली ती लिलावात १८ लाख डॉलरच्या वर गेली. नंबर पहिला, म्हणजे गिटार पहिली असं कोणालाही वाटेल. प्रत्यक्षात तिच्या मानेवर जून १९५४ ची तारीख आहे आणि खोडावर सप्टेंबर १९५४ ची. कंपनीने त्याआधीही स्ट्रॅटोकास्टर बनवल्या होत्या.

गंमत म्हणजे एकाच गिटारीची मान जूनमधली आणि खोड सप्टेंबरमधलं असू शकतं. हे सगळं सुटं सुटं बनतं, फळीवर पडून राहतं आणि मग कधीतरी जोडलं जातं. आवाज कमीजास्त करायच्या नॉबखाली पॉट नावाचा गोल डबीसारखा भाग असतो. अमेरिकन पॉटवर एक आकडा छापलेला असतो. त्यातले पहिले तीन अंक बनवणाऱ्या कारखान्याचे, पुढचे वर्षाचे आणि शेवटचे दोन आठवड्याचे. १३७ म्हणजे सीटीएस, ३०४ म्हणजे स्टॅकपोल. ३०४ ६६ ३२ असेल तर स्टॅकपोलने १९६६ च्या बत्तिसाव्या आठवड्यात बनवलेला पॉट. किती सोपं! पण १९६५ च्या जानेवारीत सीबीएसने फेंडर कंपनी १ कोटी ३० लाख डॉलरना विकत घेतल्यावर पॉटचा इतका साठा करून ठेवला गेला, की १९६६ चे पॉट १९६९ च्या गिटारीतसुद्धा सापडतात.

गिब्सनचे नंबर तर याहून वाईट. साठच्या दशकात त्यांनी तेच ते नंबर वेगवेगळ्या वर्षी पुन्हा वापरले. त्यामुळे नुसत्या नंबरावरून गिटार १९६३ ची की १९६७ ची हे ठरवता येत नाही. तेव्हा जाणकार मंडळी घाट, खुंट्या, प्लास्टिकचे भाग, सोल्डरिंग, स्क्रूची भोकं असं सगळं एकमेकांशी ताडून बघतात.

यातून एक नियम निघतो. वस्तूतला सगळ्यात नवा मूळ भाग ज्या दिवशीचा, त्याच्या आधी ती वस्तू तयार झालेली असू शकत नाही. किती नंतर झाली ते हा भाग सांगत नाही. 'याआधी नाही' एवढंच सांगतो. पुराणवस्तू संशोधक नाण्यांच्या हंड्याबाबत हेच करतात. १९०६ साली नाशिकजवळ जोगलटेंभीला १३ हजारांहून जास्त चांदीची नाणी सापडली. नाणी क्षत्रप नहपानाची, पण त्यातल्या बहुतेकांवर गौतमीपुत्र सातकर्णीने आपला छाप पुन्हा मारलेला. नाणं जुनं असलं तरी त्यावरचा नंतरचा छाप लपत नाही, आणि हंडा पुरला गेला तो त्या छापाच्या नंतरच. मला मामाच्या गिटारीत असाच नंतरचा छाप शोधायचा होता. किंवा तो नाही, हे बघायचं होतं. खरं सांगतो, दुसऱ्या शक्यतेची धाकधूक जास्त होती.

आधी नावापासून सुरुवात केली. गिटारीच्या डोक्यावर 'इबानेझ' असं लिहिलंय. आमच्याकडे तिला 'स्पेनची गिटार' म्हणत. याला दोन कारणं असावीत. एक तर आपल्याकडे मांडीवर आडवी ठेवून वाजवतात ती हवाईयन आणि छातीशी धरून वाजवतात ती स्पॅनिश, अशी सरसकट विभागणी होती. आणि दुसरं, नावच स्पॅनिश. आजोबा मात्र 'अमेरिकन आहे' म्हणायचे, कारण त्यांच्या एका मित्राने तसं सांगितलं होतं. दोघांचंही थोडंथोडं बरोबर होतं आणि दोघंही चूक होते.

साल्वादोर इबानेझ हा स्पेनमधल्या व्हॅलेन्सियाचा गिटारी बनवणारा कारागीर. जपानमध्ये नागोया इथे होशिनो कुटुंबाचं पुस्तकांचं दुकान होतं. १९०८ मध्ये त्यांनी वाद्यांचा धंदा सुरू केला आणि १९२९ पासून ते साल्वादोर इबानेझच्या गिटारी स्पेनहून मागवू लागले. पुढे स्पेनमधून माल येणं थांबलं, तसं होशिनोंनी तेच नाव घेऊन जपानमध्ये गिटारी काढायला सुरुवात केली. नाव गिऱ्हाइकांच्या ओळखीचं झालेलं, आणि युरोपचं नाव असलं की वाद्य चांगलं असणार असा समज तिथेही होताच. (आपल्याला हसायचं कारण नाही. आपल्याकडच्या कपड्यांच्या ब्रँडची नावं आठवा.)

तर नाव स्पेनचं. घाट मात्र अमेरिकेचा. गिब्सन कंपनीने मिशिगनमधल्या कलामझूच्या कारखान्यात १९५२ साली 'लेस पॉल' नावाची गिटार काढली. लेस पॉल हा तेव्हाचा मोठा वादक, त्याचंच नाव दिलेलं. एका बाजूला खाच असलेलं जाड, जड खोड. सुरुवातीच्या काही वर्षांनंतर ती फारशी खपेना, म्हणून साठच्या दशकाच्या आरंभी गिब्सनने तो घाटच बंद केला. आणि मग नेहमी होतं तेच झालं. एरिक क्लॅप्टनसारख्या वादकांनी जुन्या लेस पॉल शोधून वाजवल्या, त्या आवाजाचं वेड पसरलं आणि बाजारात तशी नवी गिटार मिळेनाशी झाली. गिब्सनने १९६८ मध्ये ती पुन्हा सुरू केली. पण तोवर जपानी कारखान्यांना या घाटाला किती गिऱ्हाईक आहे ते कळलं होतं.

जपानमध्ये का, हा भाग मला सगळ्यात रंजक वाटला. नागानो प्रांतात डोंगरांच्या मधल्या खोऱ्यात मात्सुमोतो नावाचं गाव आहे. तिथे लाकूडकामाची परंपरा जुनी. तिथल्या मात्सुमोकू या कारखान्यात सिंगरच्या शिवणयंत्रांच्या लाकडी पेट्या बनत. आमच्या आजीकडे पायाचं मशीन होतं, पेटीवर आरशासारखं पॉलिश असलेलं. तसलं काम करणाऱ्या लोकांना गिटारीचं खोड कापायला आणि चकचकीत करायला काय अवघड? त्याच मात्सुमोतोत १९६० साली फुजीगेन हा दुसरा कारखाना निघाला आणि दोनेक वर्षांत इलेक्ट्रिक गिटारी बनवू लागला. १९६५ मध्ये 'द व्हेंचर्स' या अमेरिकन बँडचा जपानमध्ये दौरा झाला आणि तिथल्या पोरांना इलेक्ट्रिक गिटारीचं वेड लागलं. याला ते 'एलेकी' म्हणत. कारखाने धडाधड निघाले. दोन-तीन वर्षांत लाट ओसरली आणि तितक्याच धडाधड अडचणीत आले. तेइस्को ही जुनी कंपनी १९६७ मध्ये कावाईने घेतली.

जे टिकले त्यांच्याकडे यंत्रं होती, हात तयार झालेले कारागीर होते, पण स्वतःचं असं नाव नव्हतं. मग त्यांनी ज्याला मागणी आहे त्याची नक्कल करायला घेतली. होशिनोंचा स्वतःचा मोठा कारखाना नव्हता. इबानेझच्या बहुतेक इलेक्ट्रिक गिटारी फुजीगेनकडून बनून येत. त्याच फुजीगेनमध्ये 'ग्रेको' नावाच्याही गिटारी बनत, त्या दुसऱ्या व्यापाऱ्याच्या. कारखाना एक, नावं अनेक. त्यामुळे जपानी गिटारीवरचं नाव वाचून ती कोणी बनवली हे कळतंच असं नाही. आणि याहून मोठी गंमत म्हणजे १९७० च्या सुमारास खुद्द गिब्सनने आपल्या मालकीच्या 'एपिफोन' या ब्रँडच्या गिटारी अमेरिकेत बनवणं थांबवून मात्सुमोकूकडून बनवून घ्यायला सुरुवात केली! म्हणजे नक्कल करणाऱ्यांच्या शेजारीच अस्सलवाल्यांचंही काम चालू.

आता मामाची गिटार अस्सल गिब्सन नाही हे तर नावावरूनच दिसत होतं. पण ती सत्तरच्या दशकातली जपानी आहे याची खात्री हवी होती. म्हणून ठाण्याला एका गिटार दुरुस्त करणाऱ्या मुलाकडे गेलो. वयाने पंचविशीचा, बोलणं कमी. त्याने गिटार हातात घेऊन आधी मागून बघितली. गिब्सनच्या लेस पॉलची मान खोडात सरसाने चिकटवलेली असते. हिची चार स्क्रूंनी आवळलेली. "कॉपी," तो म्हणाला. मग बाजारात नारळ वाजवून बघतात तसं त्याने खोडावर बोटाने टकटक केलं. कडेला भरीव आवाज, आणि मधल्या फुगीर भागावर किंचित पोकळ. अस्सल लेस पॉलमध्ये महॉगनीवर मेपलची जाड फळी बसवून ती वरून कोरलेली असते, सगळं भरीव. त्या काळच्या स्वस्त जपानी नकलांमध्ये वरची पातळ पाटी दाबून फुगवलेली असते आणि तिच्याखाली पोकळी राहते.

मग टूथपेस्टचं झाकण काढून त्याने आपल्याकडचा एक अमेरिकन नॉब लावून बघितला. तो सैल फिरत राहिला. अमेरिकन पॉटचा दांडा पाव इंचाचा, त्यावर २४ बारीक दाते. जपानी दांडा सहा मिलिमीटरचा, त्यावर १८ जाड दाते. "जपानच आहे काका," तो म्हणाला. देश तर ठरला. आता वर्ष.

इथे जरा थांबून एका दंतकथेबद्दल सांगायला हवं, कारण मी तिच्यात अडकणार होतो. सत्तरच्या दशकातली कुठलीही जपानी नक्कल विकायला निघाली की विकणारा तिला 'लॉसूट गिटार' म्हणतो. म्हणजे या गिटारी अस्सलच्या इतक्या तोडीच्या होत्या की गिब्सनने खटला भरून त्या बंद पाडल्या, सबब दोन पैसे जास्त द्या. खटला झाला हे खरं आहे. गिब्सनची मालक कंपनी नॉर्लिन हिने २८ जून १९७७ रोजी फिलाडेल्फियाच्या फेडरल कोर्टात दावा लावला. तो एल्गर या एका कंपनीवर होता. एल्गर म्हणजे होशिनोंचा अमेरिकेतला व्यवसाय. तक्रार मुख्यतः गिटारीच्या डोक्याच्या आकाराबद्दल होती. गिब्सनचं डोकं वरच्या कडेला उघडलेल्या पुस्तकासारखं असतं. आपण गणितात महिरपी कंस काढतो ना, तो आडवा केला की जसा दिसेल तसं. ते आमचं चिन्ह आहे, असं गिब्सनचं म्हणणं. १९७८ च्या सुरुवातीला कोर्टाबाहेर तडजोड झाली.

आणि खरी गंमत पुढेच आहे. दावा लागला त्याच्या आधीच, १९७६ मध्ये, इबानेझने आपल्या गिटारींचं डोकं बदललं होतं. म्हणजे ज्या आकारावरून खटला झाला तो आकार खटल्याच्या वेळी त्यांच्या नव्या गिटारींवर नव्हताच. बाकीच्या जपानी ब्रँडवर तर हा दावा नव्हताही. पण 'खटल्यातली गिटार' ही गोष्ट इतकी चटपटीत आहे की ती सगळ्यांनाच चिकटली. एकदा गोष्ट चांगली जमली की तिच्या तारखा तपासायला कोणी जात नाही. हे वाचताना मला आमचं घर आठवलं नसतं तरच नवल.

मी मामाच्या गिटारीचं डोकं बघितलं. महिरप नव्हती. वरची कड वेगळ्याच घाटाची, बदलानंतरची. म्हणजे गिटार १९७६ च्या आधीची नसावी. पहिला पुरावा मामाच्या बाजूचा.

मग नंबर. १९७५ च्या आधी इबानेझच्या गिटारींवर साधारणपणे नंबर नसत. १९७५ पासून त्यांनी एक सुटसुटीत पद्धत सुरू केली, आणि ती गिब्सन-फेंडरपेक्षा कितीतरी सरळ आहे. आधी एक इंग्रजी अक्षर, मग सहा अंक. अक्षर महिन्याचं: ए म्हणजे जानेवारी, बी म्हणजे फेब्रुवारी, असं करत एल म्हणजे डिसेंबर. पहिले दोन अंक वर्षाचे. उरलेले चार अनुक्रमाचे. ही पद्धत ऐंशीच्या दशकाच्या उत्तरार्धापर्यंत चालली.

मामाच्या गिटारीच्या मानेमागच्या पट्टीवर जुनी चिकटपट्टी होती. तिच्यावर शाईने काहीतरी लिहिलेलं, बहुधा ऑर्केस्ट्राचं नाव, आता न लागणारं. त्या मुलाने हेअर ड्रायरने ती गरम केली आणि हळूहळू सोलली. खाली काळा पडलेला डिंक. रॉकेलच्या बोळ्याने पुसला. आधी अंक दिसले, मग अक्षर.

सी ७७.

म्हणजे मार्च १९७७. पाटल्या गेल्या त्याला तेव्हा जवळजवळ तीन वर्षं होऊन गेली होती. १९७४ च्या उन्हाळ्यात ही गिटार जगात नव्हती. हिचं लाकूडसुद्धा कदाचित तेव्हा मात्सुमोतोच्या वखारीत फळ्यांच्या रूपात वाळत पडलं असेल.

मी तिथूनच मावशीला फोन केला. मावशी आमच्या घरातली वकील (शिक्षणाने नव्हे, स्वभावाने). ती म्हणाली, "पट्टी स्क्रूने बसवलेली आहे ना? मग बदलता येते." बरोबर होतं तिचं. गिल्मरची गिटार आठवून माझाही उत्साह थोडा उतरला. मग त्या मुलाला म्हटलं, उघडून दाखव. त्याने चार स्क्रू काढले, मान अलग केली. पट्टीच्या कडेने खोडाच्या काळ्या रंगावर एक स्वच्छ, चमकदार चौकोन उमटलेला होता, पट्टीच्या मापाचा तंतोतंत. दुसऱ्या मापाच्या पट्टीची खूण नाही. स्क्रूची भोकं चारच, बुजवलेलं किंवा नव्याने पाडलेलं एकही नाही. मानेची बैठक खोडाच्या खाचेत इतकी घट्ट की ती काढताना त्याला घाम आला. आतले चारही पॉट जपानी, सोल्डर एकाच हाताचं, कधी न छेडलेलं. डोक्याचा घाट १९७६ नंतरचा, पट्टी १९७७ ची, आणि बाकी काहीही त्यांच्या विरुद्ध बोलत नव्हतं. बदललेला होता तो फक्त तो नॉब.

तरी एक गोष्ट उरत होती. १९७४ मध्ये मामाच्या हातात काळी गिटार होती, हे आईला, मावशीला, मोठ्या मामालाही स्पष्ट आठवत होतं. सगळेच्या सगळे खोटं बोलतील असं नाही. मग ती कुठली?

याचं उत्तर आईच्या अल्बममध्ये निघालं. गणेशोत्सवातल्या कार्यक्रमाचा फोटो. मागे आजोबांच्या अक्षरात 'भाद्रपद, १९७४'. मामा बेलबॉटममध्ये, केस मानेपर्यंत, हातात गिटार. फोटो ब्लॅक अँड व्हाइट. भिंग घेऊन बघितलं. त्या गिटारीच्या खोडावर व्हायोलिनला असतात तशी दोन वळणदार भोकं आहेत. म्हणजे ती पोकळ खोडाची, सर्वस्वी वेगळी गिटार. रंग तांबडा असेल, तपकिरी असेल. अशा फोटोत सगळंच काळं दिसतं. मोठ्या मामाला फोटो दाखवला तेव्हा तो बराच वेळ बघत राहिला आणि म्हणाला, "अरे, ही तर मंडळाची गिटार. कार्यक्रमापुरती आणायचे." त्याला ते पन्नास वर्षांनी आठवलं. खरं तर तेव्हाही ठाऊक असणार. पण मधल्या काळात मामाच्या हातात दुसरी, खरोखरची काळी गिटार आली, ती वर्षानुवर्षं घरात दिसत राहिली, आणि तिने आठवणीतल्या आधीच्या गिटारीची जागा घेतली. नहपानाच्या नाण्यावर सातकर्णीचा छाप बसावा तसं. खालचा चेहरा कोणी निरखून बघितलाच नाही.

इथे स्वतःलाही आवरायला हवं. गिटार मला एवढंच सांगते की ती मार्च १९७७ च्या आधीची नाही. मुंबईला ती कधी उतरली, कोणी उतरवली, मामाने किती हप्ते भरले, हे ती सांगत नाही. अठ्ठ्याहत्तर-एकोणऐंशी हे मामाचं म्हणणं तिच्या तारखेशी जुळतं, इतकंच. आणि पाटल्यांचं काय झालं, याबद्दल तर तिच्याकडे एक अक्षर नाही. ज्या घरात तीन महिने पगार नीट आला नाही आणि तरी सात माणसं जेवत होती, तिथे पाटल्या कुठे गेल्या असतील याचा अंदाज करता येतो. मी तो इथे करणार नाही. एका अंदाजाने काय झालं ते आपण बघितलंय.

संध्याकाळी आईला फोन केला. सगळं सांगितलं: डोकं, पट्टी, अक्षर, महिना. ती काही बोलेना. मला वाटलं फोन कट झाला. मग म्हणाली, "नंबर नीट वाचलास ना?" म्हटलं, हो. "चष्मा लावून?" म्हटलं, हो गं. पुन्हा थोडा वेळ शांतता. मग म्हणाली, "तो सांगत होता रे." आणि भाजी लागेल म्हणून फोन ठेवला.

या गिटारीची पुढची हकीकतही सांगून टाकतो. नकला करणाऱ्या त्या फुजीगेनकडे १९८२ मध्ये खुद्द फेंडर कंपनी गेली आणि 'फेंडर जपान'च्या गिटारी तिथे बनू लागल्या. त्या सुरुवातीच्या 'जेव्ही' नंबराच्या जपानी गिटारी आज लोक शोधत फिरतात. मात्सुमोकू १९८७ मध्ये बंद पडला. इबानेझने नकला सोडून स्वतःचे घाट काढले आणि आज ते मोठं नाव आहे. मामाच्या गिटारीसारख्या स्क्रूच्या मानेच्या नकलांना मात्र फार किंमत नाही. मीही ती विचारलेली नाही.

गिटारीला नव्या तारा घातल्या आहेत. नॉब अजून मिळालेला नाही. त्या मुलाने जपानी मापाचा मागवून देतो म्हटलं होतं, मी नको म्हणालो. टूथपेस्टचं झाकण परत बसवलंय, छान घट्ट बसतं. येत्या मे महिन्यात मामीकडे सगळे जमणार आहोत. तेव्हा ती घेऊन येईन आणि घरातच, बैठकीच्या खोलीत, कोणाकडून तरी वाजवून घेऊ. मला येणारी एक कॉर्ड आहेच.

मावशी, तू हे वाचशील हे माहीत आहे. पट्टी, भोकं, फोटो, सगळं मांडलंय. अजून काही शंका असेल तर मला विचार. नसेल, तर मामीला एक फोन कर.